संख्याशास्त्र विभाग आणि मेडिकल कॉलेज: जैवसांख्यिकीचं प्रशिक्षण एकत्र कसं उभं करायचं

थिसिस जमा करायची तारीख आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या संख्याशास्त्र विभागाच्या दारात एखादा रेसिडेंट डॉक्टर उभा असतो. हातात पेनड्राइव्ह, त्यात 'मास्टर चार्ट' नावाची एक्सेलची फाइल. लिंगाच्या रकान्यात कुठे 'पु', कुठे 'मेल', कुठे नुसता '१'. वयाच्या रकान्यात ३४ च्या खाली '२ महिने'. हिमोग्लोबिनच्या आकड्याला चिकटून 'ग्रॅम'. "मॅडम, फक्त पी-व्हॅल्यू काढून द्या." म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा. तो दोन रात्री झोपलेला नसतो आणि त्याच्यावर रागावणं अन्यायाचं असतं. ११२ रुग्णांचं रक्त घेऊन झालेलं असतं. त्याच्या प्रश्नाला ११२ रुग्ण पुरणारच नव्हते, हे त्याला दीड वर्षापूर्वी सांगणारं कुणी भेटलं नाही.

या लेखातली सगळी खटपट त्या दीड वर्षापूर्वीच्या भेटीसाठी आहे. संख्याशास्त्राचे विभागप्रमुख, पीएसएमचे (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राचे) प्राध्यापक, मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता आणि हे काम अंगावर घेऊ पाहणारे तरुण शिक्षक यांच्यासाठी तो लिहिला आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, कारण इथली व्यवस्था मी आतून पाहिली आहे.

अंतर कुठून आलं

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला सुरू झालं. त्याआधी मेडिकल कॉलेजं त्या त्या भागातल्या पारंपरिक विद्यापीठांना जोडलेली होती. म्हणजे पुण्यातलं मेडिकल कॉलेज आणि व्ही. एस. हुजूरबाजारांनी १९५३ मध्ये उभा केलेला संख्याशास्त्र विभाग एकाच विद्यापीठाचे होते. आरोग्य विद्यापीठ वेगळं होण्याला स्वतःची कारणं होती आणि त्याचे फायदेही झाले. पण डॉक्टर एका विद्यापीठात आणि संख्याशास्त्रज्ञ दुसऱ्या, अशी वाटणी त्यातून पक्की झाली. दोन्हींचे कायदे, वेळापत्रकं आणि मंत्रालयातले विभाग वेगळे आहेत. मेडिकल कॉलेजात पीएसएम विभागात संख्याशास्त्रज्ञाचं एखादं पद असतं. ते भरलेलं असलं तरी त्या एका माणसावर एमबीबीएसचे तास, सगळ्या विभागांच्या थिसिस आणि वर तपासणीची कागदपत्रं एवढं सगळं येतं.

आणि ज्यांच्याकडे माणसं आहेत त्या संख्याशास्त्र विभागांतून दरवर्षी एमएस्सी होणाऱ्या मुला-मुलींनी रुग्णालयाची एक खरी फाइलही पाहिलेली नसते. त्यांना लॉजिस्टिक रिग्रेशनची गणिती सिद्धता येते, पण केसपेपरवर 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे रुग्ण पुढच्या भेटीला आलाच नाही, असं लिहिलेलं असलं तर त्याचं काय करायचं हे माहीत नसतं. एका बाजूला गरज आहे, दुसऱ्या बाजूला ज्ञान आहे, आणि दोन्ही बाजू अर्ध्याच तयार आहेत.

पहिलं काम: गरज मोजा

अभ्यासक्रम लिहायला बसू नका. आधी जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या मागच्या एका वर्षाच्या सगळ्या थिसिस, निदान त्यांच्या सिनॉप्सिस (सुरुवातीचे संशोधन-आराखडे), परवानगी घेऊन वाचा. प्रत्येकीसाठी एक ओळ लिहा: प्रश्न काय होता, अभ्यासाचा प्रकार कोणता, नमुना-आकार (किती रुग्ण घ्यायचे तो आकडा) कसा काढला, कोणती चाचणी लावली, ती योग्य होती का. दोन शिक्षक आणि चार विद्यार्थी मिळून हे काम महिन्याभरात होतं. त्यातून जे दिसतं ते कुठल्याही आराखड्याहून जास्त उपयोगी असतं. मला तरी असं दिसलं की चुका शेवटच्या चाचणीत कमी असतात आणि सुरुवातीच्या रचनेत जास्त. तुलनेचा गट कसा निवडला, मोजमाप कुणी केलं, किती रुग्ण घेतले, इथेच गाडी रुळावरून घसरलेली असते.

मग तासांचा हिशेब करा. समजा कॉलेजात दरवर्षी १०० रेसिडेंट येतात. प्रत्येकाला किमान दोन भेटी, एक सिनॉप्सिसआधी आणि एक माहिती गोळा करायला सुरुवात करण्याआधी, आणि प्रत्येक भेट ४५ मिनिटांची. हे १५० तास झाले. शेवटच्या विश्लेषणाची मदत, वर्ग आणि प्रवास यात धरलेला नाही. हा आकडा दोन्ही प्रमुखांसमोर ठेवला की "आमचे सर बघून घेतील" हे वाक्य मागे पडतं.

त्याच वेळी आपल्या बाजूचीही प्रामाणिक यादी करा. सर्व्हायव्हल अॅनालिसिस खरोखर कोण शिकवू शकतं, नमुना सर्वेक्षण कोण, क्लिनिकल ट्रायलची रचना कोण? पुष्कळ विभागांत या यादीत दोन-तीनच नावं निघतात. इथूनच एकापेक्षा जास्त विद्यापीठांची गरज सुरू होते.

ऑस्ट्रेलियात नेमकं हेच झालं होतं. कुठल्याही एका विद्यापीठाकडे पूर्ण पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवण्याइतके जैवसांख्यिकीचे शिक्षक नव्हते. म्हणून २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी, मेलबर्न, मोनाश, क्वीन्सलँड, अॅडलेड अशा विद्यापीठांनी 'बायोस्टॅटिस्टिक्स कोलॅबोरेशन ऑफ ऑस्ट्रेलिया' ही जोडणी उभी केली. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात नाव घालतो आणि पदवीही त्याला तेच देतं. पण प्रत्येक विषय ज्या विद्यापीठात त्याचा चांगला शिक्षक आहे ते विद्यापीठ सगळ्यांसाठी दूरशिक्षणाने शिकवतं. मधे एक छोटं समन्वय कार्यालय असतं. आपल्याकडे ही पूर्ण रचना एकदम येणार नाही, पण 'विषय वाटून घ्या, विद्यार्थी वाटून घेऊ नका' हा तिचा गाभा उचलण्यासारखा आहे.

जोडीदार निवडताना माणसं पाहा

माझा पहिला प्रयत्न फसला तो इथे. एका मेडिकल कॉलेजशी आम्ही सामंजस्य करार केला, समारंभ झाला, फोटो छापून आला. तिकडचे प्राध्यापक अतिशय उत्साही होते. चार महिन्यांत त्यांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. नव्या प्रमुखांना करार कसला हेच माहीत नव्हतं, आणि दोन वर्षांत एकही वर्ग झाला नाही. चूक त्यांची नव्हती. आम्ही सगळा भार एका माणसावर टाकला होता, आणि शासकीय नोकरीत बदली होणारच हे धरलंच नव्हतं.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन माणसं, त्यांतला एक जण कनिष्ठ. कनिष्ठ माणूस महत्त्वाचा, कारण तो पुढची दहा-पंधरा वर्षं या विषयात राहणार असतो. दुसरं म्हणजे अंतर बघा. शंभर किलोमीटरवरच्या नामांकित संस्थेपेक्षा रिक्षाने जाता येईल असं साधं मेडिकल कॉलेज सुरुवातीला बरं. आठवड्याला एकदा प्रत्यक्ष भेट होणं ही या कामाची खरी अट आहे. ती ऑनलाइन भागवता येते, पण ओळख झाल्यावर.

सुरुवात सल्लाकेंद्रापासून

वर्ग आधी की सल्ला आधी, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी सल्ला म्हणते. वर्गाला डॉक्टर दमलेल्या अवस्थेत येतात आणि हजेरी घेतली की जातात. स्वतःच्या थिसिसचा प्रश्न घेऊन आलेला डॉक्टर मात्र जागा असतो.

याचं जगभर पसरलेलं एक उदाहरण आहे. 'लिसा २०२०' हा उपक्रम अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमधून सुरू झाला आणि पुढे कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला गेला. २०२० पर्यंत विकसनशील देशांतल्या विद्यापीठांमध्ये २० संख्याशास्त्रीय सल्लाकेंद्रं उभी करायची, असा त्याचा संकल्प होता. नायजेरियापासून सुरुवात होऊन ते जाळं त्या आकड्याच्या पुढे गेलं. त्यांच्या कामात मला पटलेली गोष्ट ही की संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते समोरच्याचं ऐकायला शिकवतात. काय विचारायचं, कधी थांबायचं, आपल्याला कळलं ते साध्या शब्दांत परत कसं सांगायचं, याचाही सराव असतो.

आपल्याकडे ते असं बसवता येतं. आठवड्यातली एक दुपार ठरवा, आणि तीही मेडिकल कॉलेजच्या इमारतीत. डॉक्टर ओपीडी सोडून विद्यापीठात येणार नाहीत. टेबलाशी तिघं असावेत: रेसिडेंट, एमएस्सीचा विद्यार्थी आणि शिक्षक. बोलायचं विद्यार्थ्याने, शिक्षकाने ऐकायचं आणि अडलं तरच तोंड उघडायचं. शिक्षकांसाठी हे सगळ्यात अवघड असतं, मलाही अजून जड जातं. रेसिडेंटचा गाइड (थिसिसचा मार्गदर्शक) निदान पहिल्या भेटीला आला तर अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

येण्याआधी एक पानी फॉर्म भरून घ्या. त्यात चाचणीचं नाव विचारू नका. हे विचारा: तुम्हाला काय कळून घ्यायचंय, एका वाक्यात, मराठीतही चालेल. मुख्य मोजमाप कोणतं, एकच? ते कोण मोजणार, केव्हा? महिन्याला असे किती रुग्ण तुमच्या ओपीडीत येतात? किती फरक आढळला तर तुम्ही उपचार बदलाल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर नमुना-आकार काढताच येत नाही, आणि तो संख्याशास्त्रज्ञ ठरवू शकत नाही. तो डॉक्टरचाच निर्णय आहे. हे समजलं की त्या टेबलावरचं नातं बरोबरीचं होतं.

एमएस्सीच्या विद्यार्थ्यांचा वेळ फुकट मागू नका. राज्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ४ श्रेयांकांचं ऑन-जॉब ट्रेनिंग आलं आहे आणि दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प. सल्लाकेंद्रातलं काम त्यात बसवा, म्हणजे विद्यार्थ्याला श्रेयांक मिळतात आणि केंद्राला हक्काची माणसं. एक काळजी घ्या. वैद्यकीय प्रवेश समुपदेशनाच्या तारखांप्रमाणे मागेपुढे होतात आणि एमएस्सीचं सत्र आपल्या वेळेला सुरू होतं. सिनॉप्सिसचा हंगाम आणि ट्रेनिंगचा काळ एकमेकांवर पडतात का हे दर वर्षी नव्याने तपासावं लागतं.

प्रत्येक भेटीची नोंदवही ठेवा: तारीख, कोणत्या टप्प्यावर आले, प्रश्न, दिलेला सल्ला, पुढे काय झालं. ही वही पुढे तुमचा अभ्यासक्रम ठरवते.

अभ्यासक्रम: वहीतून वर आलेला

सहा महिन्यांच्या नोंदी वाचल्या की कुठले विषय पुन्हा पुन्हा येतात ते दिसतं. आधी काय आहे तेही पाहा. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा ऑनलाइन पायाभूत अभ्यासक्रम सगळ्या पदव्युत्तर डॉक्टरांना करावाच लागतो. तेच पुन्हा शिकवू नका. तो झाला असं धरून त्याच्यापुढे जा, हातांनी करून बघण्याकडे.

डॉक्टरांसाठी ३० तासांचा, २ श्रेयांकांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरुवातीला पुरतो. पहिल्या दिवशी मी मास्टर चार्ट देते, मुद्दाम बिघडवलेला, आणि तो नीट करायला सांगते. एका ओळीत एक रुग्ण, एका रकान्यात एकच गोष्ट, एकक रकान्याच्या नावात, माहिती नसेल तर शून्य न टाकता रिकामं. साधं वाटतं, पण थिसिसमधली निम्मी दुखणी इथे बरी होतात.

दुसऱ्या दिवशी नमुना-आकार. आपल्याकडे प्रत्येक रेसिडेंटला 'फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर' पाठ असतं: पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक. तिथूनच सुरुवात करावी, त्याला हिणवू नये. समजा एखाद्या आजाराचं प्रमाण ३० टक्के अपेक्षित आहे. पी ३०, क्यू ७०, म्हणून चार पीक्यू ८,४००. चूक ५ टक्के चालेल असं म्हटलं तर एलचा वर्ग २५ आणि नमुना ३३६. एल १० केला तर नमुना ८४ वर येतो. आणि एल म्हणजे ३० चे २० टक्के, अर्थात ६, असं धरलं तर २३४. एकच सूत्र, एकच आजार आणि तीन उत्तरं. मी फळ्यावर हे तिन्ही आकडे लिहिते आणि विचारते, "८४ घेतले तर निष्कर्ष असा येईल की प्रमाण २० ते ४० टक्क्यांच्या मधे कुठेतरी आहे. एवढंच कळण्यासाठी ८४ जणांना सुई टोचायची का?" वर्ग शांत होतो. त्या क्षणी एल हे अक्षर न राहता एक निर्णय होतो.

मग पुढची पायरी. १० टक्के लोक नकार देतील असं वाटत असेल तर ३३६ ला ०.९ ने भागायचं, ३७४ येतात. १० टक्के वाढवून ३७० घेतले तर चार जण कमी पडतात. हे चार जण फार महत्त्वाचे नाहीत, पण तर्क कुठल्या दिशेने चालतो ते महत्त्वाचं आहे. आणि नमुना गावांतून घ्यायचा असेल, दर गावात २० माणसं, तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात हे मोजावं लागतं. हे सारखेपण, म्हणजे अंतर्गत सहसंबंध, ०.०५ धरला तर नमुना १ अधिक १९ (गावातल्या २० मधून एक वजा) गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ पट लागतो. नकार बाजूला ठेवला तरी ३३६ चे ६५६ होतात, म्हणजे ३३ गावं.

हे समजावायला आपल्याकडे गडचिरोलीहून चांगलं उदाहरण नाही. तिथल्या 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीची पाहणी ३९ गावांत केली आणि तुलनेला ४७ गावं ठेवली. निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. विद्यार्थ्यांना विचारा: इथे मोजायचं एकक बाळ की गाव? आरोग्यदूत (गावातली प्रशिक्षित कार्यकर्ती) गावाला मिळाली, बाळाला नाही, याचा विश्लेषणावर काय परिणाम होतो? गावं चिठ्ठी टाकून वाटली नव्हती, मग सुरुवातीची स्थिती पाहणं का गरजेचं? एका पाहणीतून तीन तास रंगतात, आणि डॉक्टर आपल्या मातीतलं काम पाहतोय म्हणून मन लावून पाहतो.

एमएस्सीच्या मुलांसाठी उलट बाजूने सुरुवात करा. पहिला आठवडा सूत्र नाही. एक दिवस ओपीडीत बाकावर बसून राहायचं, एक दिवस रेकॉर्ड रूममध्ये, एक दिवस आशाताईंबरोबर गावात. रुग्ण तिसऱ्या भेटीला का आला नाही याची खरी कारणं ऐकली की सेन्सरिंगचं (रुग्णाची माहिती मधेच तुटण्याचं) गृहीतक ती मुलं वेगळ्याच नजरेने वाचतात. बरा झाला म्हणून आला नाही, की बसभाड्याला पैसे नव्हते म्हणून? या दोन्हींना एकच चिन्ह देऊन चालेल का? मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची माहिती हाती द्या. ती करणारी लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईत १९५६ मध्ये सुरू झाली आणि देवनारला आहे. पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबं आहेत. भारांकन (प्रत्येक घराला लोकसंख्येतल्या वाट्याइतकं वजन देणं) न लावता आणि लावून एकच टक्केवारी काढायला सांगा आणि फरकाचं कारण लिहून मागा.

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. विश्लेषणाची आर ही प्रणाली मोफत आहे, ज्यांना कोड नको त्यांच्यासाठी जमोव्ही मोफत आहे. माहिती भरायला व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झालेलं रेडकॅप ना-नफा संस्थांना करार करून विनामूल्य मिळतं. चोरीची एसपीएसएस (विकतची विश्लेषण प्रणाली) वापरायची सवय मोडायची असेल तर पर्याय शिकवावाच लागतो.

भाषेबद्दल एक आग्रहाने सांगते. समजावणं मराठीत करा, संज्ञा डॉक्टरांच्या तोंडी आहेत त्याच ठेवा. तालुक्याच्या कॉलेजातून आलेली हुशार मुलगी इंग्रजीच्या धाकाने गप्प बसते. मराठीत विचारलं की तिचे प्रश्न सगळ्यात धारदार असतात.

शिक्षक तयार करणं

हा भाग सर्वात हळू चालतो आणि सगळं यावर उभं आहे. पाहुणा शिक्षक पाच वर्षं येत राहिला आणि तिथलं कुणीच शिकवू लागलं नाही, तर भागीदारीने गरज भागवली पण क्षमता उभी केली नाही.

आफ्रिकेतल्या एका जोडणीचं काम या बाबतीत शिकण्यासारखं आहे. वेलकम ट्रस्ट आणि ब्रिटिश सरकारच्या निधीतून २०१५ मध्ये 'डेल्टाज आफ्रिका' योजना सुरू झाली. तिच्यात जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली सहारेच्या दक्षिणेकडच्या देशांतली विद्यापीठं आणि संशोधन संस्था जैवसांख्यिकीसाठी एकत्र आल्या. भर होता तो एमएस्सी आणि पीएचडीच्या शिष्यवृत्त्यांवर आणि सदस्य विद्यापीठांतच अभ्यासक्रम उभे करण्यावर. मुलांना युरोपला पाठवून तिथेच हरवू देण्यापेक्षा त्यांना आपल्या खंडात, आपल्या प्रश्नांवर मोठं करायचं, हा विचार त्यामागे आहे.

आपल्या देशातलंही एक जुनं उदाहरण आहे. मद्रासला १९५६ मध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारांचं केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल असे चार भागीदार होते. रुग्णाला आरोग्यधामात ठेवण्याऐवजी घरी ठेवून औषध दिलं तरी तो तसाच बरा होतो, हे तिथल्या चाचणीने १९५९ मध्ये दाखवलं. जगभरातल्या क्षयरोग उपचारांची दिशा त्याने बदलली. बाहेरची मदत तिथे सुरुवातीला होती. संस्था मात्र इथली झाली, आणि तिचा संख्याशास्त्र विभागही.

आपल्या पातळीवर तीन वर्षांचा क्रम ठेवा. पहिल्या वर्षी विद्यापीठाचा शिक्षक शिकवतो, कॉलेजचा कनिष्ठ शिक्षक प्रत्येक तासाला बसतो आणि सराव तपासतो. दुसऱ्या वर्षी अर्धे तास त्याचे. तिसऱ्या वर्षी सगळे त्याचे, आणि पाहुणा मागच्या बाकावर. हे वेळापत्रकात नावांनिशी लिहा, नाहीतर तिसरं वर्ष कधी उजाडत नाही. पाहुण्यालाच मोह होतो, आपण छान शिकवतो म्हणून. त्या कनिष्ठ शिक्षकाची पीएचडी संख्याशास्त्र विभागात, दोन्हींकडचे मार्गदर्शक घेऊन, सुरू करून द्या. दुसऱ्या विद्यापीठाचा सहमार्गदर्शक चालतो का, हे नोंदणीआधी संशोधन विभागाकडून लेखी घ्या. आणि तो तासिका तत्त्वावर असेल तर त्याच्या पदासाठी भांडा. वर्षभराने घरी जाणाऱ्या माणसात कितीही गुंतवलं तरी ते पाण्यात जातं.

माहिती, नैतिकता, लेखक कोण

इथे ढिलाई चालत नाही. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर रुग्णाचं नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक जाता कामा नये. रुग्णालयाच्या बाजूनेच ती ओळख काढून सांकेतिक क्रमांक द्यावा आणि त्याची किल्ली तिथेच राहावी. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवू नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात वाचायला लावा. विश्लेषण करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव एथिक्स कमिटीच्या अर्जात असावं. छोट्या जिल्ह्यात नाव काढूनही ओळख लपत नाही, हेही शिकवा. तालुका, वय आणि दुर्मीळ आजार एवढ्यावर गाव रुग्ण ओळखतं.

लेखकत्वाचं पहिल्या भेटीतच बोला. रचनेत सहभाग आणि विश्लेषण केलं, मसुदा वाचून दुरुस्त केला, जबाबदारी घेतली, तर तो लेखक. एकदा चाचणी सांगितली तर आभारात नाव. आमच्याकडे फॉर्मच्या खाली ही ओळ छापलेली असते आणि दोघं सही करतात. त्यानंतर एकदाही मन दुखावल्याचं मला आठवत नाही.

करार आता लिहा

एक वर्ष असं चाललं की कराराचा मसुदा सोपा होतो, कारण काय लिहायचं ते माहीत झालेलं असतं. व्यक्तींची नावं न लिहिता पदं लिहा, म्हणजे बदलीने काम थांबणार नाही. आठवड्याचे तास, प्रवासभत्ता आणि मानधन कोण देणार, खोली कोणाची, श्रेयांक कोण देणार, माहिती कुठे राहणार, आणि एका बाजूला थांबायचं असेल तर चालू विद्यार्थ्यांचं काय. 'परस्पर सहकार्याची क्षेत्रं शोधणे' असली वाक्यं मसुद्यात दिसली तर काढून टाका, त्यांच्यावर कुणाला जाब विचारता येत नाही.

दोन विद्यापीठांची संयुक्त पदवी हे मोहाचं स्वप्न आहे. कायदे आणि शासनाचे विभाग वेगळे असल्याने तिथे बरीच वर्षं जातात. त्यापेक्षा एका विद्यापीठाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, दुसऱ्याच्या विद्यार्थ्यांना खुला, हा रस्ता जवळचा. अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, असा तो जातो. किमान एक सत्र हाताशी ठेवा. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे धरता यावेत म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२१ पासूनची श्रेयांक बँक आहे, ती आपल्या दोन्ही संस्थांत प्रत्यक्ष चालू आहे का ते परीक्षा विभागात जाऊन विचारा.

परदेशी विद्यापीठ जोडायचं असेल तर २०२२ चे आयोगाचे ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदवीचे नियम वाचा. आरोग्य संशोधनात परदेशी सहभाग असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते, आणि निधी येणार असेल तर एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) कुणाला लागू होतो ते वित्त अधिकाऱ्यांशी आधी बोलून घ्या. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेज आणि जॉन्स हॉपकिन्सचं संशोधनातलं नातं दीर्घकाळ टिकलं आहे. तशी भागीदारी प्रत्येकाला मिळणार नाही. पण आपल्या विभागातून बाहेर पडून अमेरिकेत औषध कंपन्यांत काम करणारे जुने विद्यार्थी सगळ्यांकडे आहेत. आपले रात्रीचे आठ म्हणजे न्यूयॉर्कची सकाळ. महिन्यातून एका शनिवारी त्यांच्याकडून ट्रायलच्या विश्लेषणाचा एक तास मागा. नेमका विषय आणि नेमकी तारीख सांगितली की ते नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

काम होतंय की नाही

किती वर्ग झाले, किती प्रमाणपत्रं वाटली हे अहवालात जाऊ दे. मी नोंदवहीतला एकच रकाना दर सहा महिन्यांनी आधी उघडते: रेसिडेंट कोणत्या टप्प्यावर आला. सिनॉप्सिसआधी, माहिती गोळा करताना, की थिसिसच्या आधीच्या आठवड्यात? पहिल्या सत्रात जवळजवळ सगळे शेवटचेच होते. आता सिनॉप्सिसआधी येणारे अधिक आहेत. मागच्या महिन्यात स्त्रीरोग विभागातली एक रेसिडेंट आली, प्रवेशाला सहा आठवडेही झाले नव्हते. तिने फॉर्ममध्ये लिहिलं होतं, "मला अजून प्रश्नच नीट मांडता येत नाहीये." टेबलाशी एमएस्सीचा विद्यार्थी होता आणि त्याच्या बाजूला त्या कॉलेजचा कनिष्ठ शिक्षक. मी खिडकीजवळ बसले होते. तासाभरात मला एकदाही बोलावं लागलं नाही.